नऊशे मीटर खालचा दगड

"म्याडम, तो नऊशे मीटरवरचा दगड बाद करा," सोनाजी तंबूत शिरत म्हणाला.

हट्टा गावाच्या माळावर संशोधनासाठी खोल भोक पाडलं जात होतं. तीस वर्षं बोअरच्या गाडीवर काढलेला सोनाजी खालून येणारे दगड हात न लावता पिशवीत बंद करायचा; वरचे जंतू मिसळू नयेत म्हणून भोकात पाणीही उकळलेलंच सोडायचं होतं. पृथ्वीच्या पोटात सूक्ष्मजीव कुठवर तग धरतात हे कळलं, तर मंगळाच्या पोटात ते असतील का याचाही अंदाज बांधता येणार होता. नऊशे मीटरवरच्या दगडात लाखो जीव सापडले होते आणि सगळे खुशीत होते. संशोधन चालवणाऱ्या केतकी म्याडमना मात्र हिशेब जुळत नव्हता. तिथं ऊन नाही, पालापाचोळा नाही. दगड आणि पाणी मिळून थोडासा वायू निर्माण होतो, तेवढंच अन्न. त्यावर इतके जीव जगतील कसे?

"त्या दिवशी पाइप अडकला," सोनाजी खाली बघत म्हणाला. "उकळलेलं पाणी संपलं व्हतं. म्या हौदातलं वतलं. सांगायचं राहिलं, मग तुमी सगळे खूश दिसले, तं तोंडच उघडंना."

म्हणजे ते जीव हौदातले होते. काम जाणार, असं धरूनच तो बाहेर जाऊन बसला. केतकी म्याडमनी त्याला काढलं नाही. त्याच्याच हातानं, उकळलेल्या पाण्यावर, आणखी खालचा दगड काढवून घेतला.

पाचव्या दिवशी त्यांनी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. बराच वेळ नुसता अंधार. मग जीव दिसावेत म्हणून घातलेल्या रंगानं चमकणारे दोन हिरवे ठिपके.

"एवढेच?"

"एवढेच, काका. वाढायला शक्तीच पुरत नाही त्यांना. एकाचे दोन व्हायला शंभर वर्षंही लागत असतील. मिळेल तेवढ्यात मोडलेलं सांधायचं आणि टिकून राहायचं."

"जिते हायेत?"

"नाही. मोजण्याआधी औषधात ठेवावं लागतं. त्यात मरतात."

सोनाजीनं भिंगावरून डोळा हटवला नाही. "म्हंजे एवढी वर्सं टिकले अन् आपल्या हाती येऊन गेले," तो हळूच म्हणाला.

केतकी म्याडमनी नोंदवही पुढं सरकवली. नऊशे मीटरच्या ओळीवर रेघ मारून शेजारी लिहिलं होतं : पाण्याची चूक सोनाजी यांनी स्वतः सांगितली. खाली त्याची सही हवी होती.

त्यानं हात पँटला पुसला आणि बापाच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं काढत, पूर्ण नाव लिहिलं.