धुरातली माळ

एदुविनाच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर, आढ्याला शिनाण्यांची, म्हणजे समुद्रातल्या काळ्या शिंपल्यांच्या मांसाची, एक माळ लटकत होती. शिंपल्यातून काढून ओवलेले, धुरावर वाळून काळे ठिक्कर पडलेले. चिलीतल्या चिलोए बेटावर अशा माळा घरोघर असतात आणि हिवाळ्यात त्या खाऊन संपतातही. ही मात्र कुणी उतरवायची नाही, असा म्हातारीचा दंडक होता. ती तिच्या मुलानं, नोल्बेर्तोनं ओवली होती. त्यानंतर आठवड्याच्या आत त्याची होडी उलटली. होडी सापडली, तो नाही. पुरायलासुद्धा काही हाती लागलं नाही. एदुविना रडली नाही, फक्त रोज सकाळी माळेकडे बघून क्रूसाची खूण करू लागली.

आता त्याची बायको मिरेया बाळंत झाली होती. बाळंतपणात रक्त गेलं ते पुन्हा भरलंच नाही. कोंबडीचा रस्सा ती ओकून टाकायची, बटाटा तिला गिळवत नव्हता आणि दूध तर थेंबभर नाही. पोराचा रडून रडून घसा बसला होता. बाळंतिणीला शिंपल्यांचा कढ द्यावा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. दवाखान्याची नर्सही तेच म्हणाली, त्यात लोह असतं म्हणाली. वर बजावून गेली, "पण आत्ता या समुद्रातलं काही नको हं आजी. पाण्यात लाल विष आलंय. कितीही उकळा, जात नाही."

ती पाठमोरी होते न होते तोच शेजारीण ओतिलिया आत आली.

"तिला काय कळतंय! भरपूर लिंबू पिळ, विषाचा बाप मरतो. नाहीतर मग..." तिची नजर आढ्याकडे गेली.

"तिकडं बघू नकोस."

"नाही बघत बाई. पण मेलेल्याला भूक नसते, एवढं सांगते."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"नाही ना, म्हणून तर खरं बोलते."

दुपारी ओहोटी लागली तशी एदुविना टोपली आणि कुदळ घेऊन किनाऱ्यावर गेली. एरवी अर्धं गाव तिथं वाकलेलं असायचं. आज विषापायी घातलेल्या बंदीमुळं चिटपाखरू नव्हतं. वाळू उकरताच तिसऱ्यांचे शिंपले तर असे टपोरे लागले की विषाची शंकाही येऊ नये. घरी येऊन तिनं पातेलं चढवलं, लिंबं चिरली.

"आई, वास छान येतोय," आतून मिरेया क्षीण आवाजात म्हणाली. "खाईन मी थोडं."

"कुठलं आहे, विचारलं नाहीस?"

"तुमच्या हातचं म्हटल्यावर विचारायचं काय?"

एदुविनाच्या हातातली पळी तशीच राहिली. समुद्रानं एक नेला होता. उरलेली दोघं ती आपल्या हातानं त्याच्या हवाली करायला निघाली होती, आणि ते एका माळेपायी. तिला स्वतःची किळस आली.

कुत्र्यानंही तोंड लावू नये म्हणून तिनं तो कढ परसात खड्डा करून पुरला. पातेलं राखेनं घासलं. मग स्टुलावर चढून माळ उतरवली. गाठ काही सुटेना. नोल्बेर्तोला नीट गाठ मारता यायचीच नाही. त्यावरून तिनं जन्मभर त्याचं डोकं खाल्लं होतं. सुरी लावायला हात धजेना, शेवटी तिनं ती दातांनी सोडवली.

रात्रभर भिजलेले शिनाणे सकाळी शिजले. वाटी बघून मिरेया दचकली.

"आई, हे तर त्याचे..."

"खा."

"पण तुम्ही तर..."

"घरच्यांनी खावं म्हणूनच त्यानं ओवले होते गं. मीच मेली त्याचं थडगं करून बसले."

मिरेया रडत रडत खायला लागली आणि खाल्लेलं तिच्या पोटात राहिलं. एदुविना रोज मूठभर शिजवत गेली. माळ अर्धी संपली तेव्हा एका दुपारी पोराचं रडं अचानक थांबलं. म्हातारी धसकून आत धावली. पोर छातीला लागलं होतं आणि घटाघटा गिळत होतं, हनुवटीवरून दूध ओघळत होतं.

"पी राजा," ती म्हणाली. "बापानं ठेवलंय तुझ्यासाठी."

आणि मग, नोल्बेर्तो गेल्यापासून पहिल्यांदाच, तिनं मोठ्यानं हंबरडा फोडला.