कोरी बशी

धाकट्या नणंदेचं लग्न झालं त्याच वर्षी सासऱ्यांच्या पायाचा अंगठा सडला. लग्नात घातलेला नवा बूट चावला आणि साखरेच्या आजारात तो फोड काही सुकेना. पाऊल काळंनिळं पडलं. घरात असा वास सुटला की घास नुसता तोंडात फिरायचा.

सून प्रयोगशाळेत जंतूंच्या तपासण्या करायची. परक्यांचा पू, थुंकी, शौच, काहीही समोर आलं तरी ती नाकसुद्धा मुरडायची नाही. पण या घरच्या पायाची तिला शिसारी बसली होती. डॉक्टरांनी जखमेतला पू तपासायला सांगितला, तेव्हा कापूस गुंडाळलेली निर्जंतुक काडी तिने सासूच्या हातात दिली.

"आई, जखमेत नीट फिरवा आणि लगेच नळीत घाला. मी बाहेर थांबते."

"थांब बाई, थांब. नाकाला पदर लाव हवं तर," सासू म्हणाली.

प्रयोगशाळेत सुनेने ती काडी जंतू वाढवायच्या बशीत टेकवली, तार ज्योतीत लाल करून गार केली, रेघा ओढल्या आणि बशी उबपेटीत ठेवली. उरलेला पू काचपट्टीवर पसरून रंगवला. पण घरचा पू म्हणून ती पट्टी बघायचं तिने टाळलं.

बशी कोरी निघाली. डॉक्टर म्हणाले, "जंतू नाहीत. रक्तच पोचत नाहीये. पाय गुडघ्याखाली काढावा लागेल."

तेव्हा कुठे तिने ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घातली. डोळा लावला मात्र, तोंडाला ओकारीचं पाणी सुटलं. कुजक्या पेशींच्या गाळात जंतूंच्या गुलाबी काड्याच काड्या, मेलेल्या उंदरावर किडे बुजबुजावेत तशा. पट्टीवर एवढी गर्दी आणि बशी कोरी! मेलेला जंतूही पट्टीवर दिसतो, पण बशीत उगवतो तो जिवंतच. मग यांना मारलं कोणी?

घरी येऊन तिने चप्पलही काढली नाही. "आई, काडी फिरवायच्या आधी जखम धुतली होती का?"

"मग तशीच देऊ? तुझ्या प्रयोगशाळेतली माणसं म्हणतील, या घरात पाणी येत नाही वाटतं! फरशीचं औषध ओतून लख्ख केली."

"फरशीचं?"

खाटेवरून सासरे ओरडले, "तरीच! मला वाटलं, हिने जिवंतपणीच पेटवलं!"

सुनेला हसू आलं नाही. तिने सलाइनच्या पाण्याने जखमेवरचं सगळं धुऊन काढलं, श्वास रोखला आणि स्वतः काडी आत घातली. काडी मऊ मांसात रुतली, चिकट हिरवा पू वर आला. ती मोरीकडे धावली, पोटातलं सगळं ओकली, पण त्याआधी काडी नळीत गेली होती.

या वेळी बशी शेवाळासारख्या हिरवट थराने भरली. बशीला सडक्या द्राक्षांचा गोड वास येत होता. त्या जंतूंवर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवून पाहिल्या, तर एकाच टिकलीभोवती जंतू न उगवता जागा साफ राहिली. डॉक्टरांनी तेच औषध सुरू केलं. अंगठा काढावा लागला, पाय वाचला.

"सूनबाई, द्राक्षं आणलीत," सासरे पुढे कौतुकाने म्हणायचे आणि ती उठून मोरीकडे जायची.

नणंदेची मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी, हिवाळ्यात, सासरे झोपेतच वारले. तो एक अंगठा सोडला तर दोन्ही पाय धड होते.