चढती रेघ, पडता भाव

मी एक रेघ आहे. परकीय चलनांच्या भावाचा आलेख पडद्यावर उघडलात, की त्याच्या खालच्या पट्टीत मी दिसते. लोक मला एडीएक्स म्हणतात. भाव वर जाईल की खाली, हे मला विचारू नका. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. तो जिकडे निघालाय तिकडे किती जोराने निघालाय, एवढंच मी सांगते.

जन्म म्हणाल तर आकडेमोडीतला. मागच्या चौदा दिवसांचे चढउतार घुसळून काढलेली सरासरी म्हणजे मी. त्यामुळे बोलते जरा उशिरा, पण थापा मारत नाही. पंचविसाच्या खाली असले तर बाजार रेंगाळतोय, वर गेले तर त्याने मनावर घेतलंय, असं समजावं.

माझे मागचे मालक मोटार चालवायला शिकवायचे. गुडघे गेले, गाड्या विकल्या, आणि जेवणाच्या टेबलावर संगणक ठेवून त्यांनी मला मांडलं. गाड्यांच्या पैशांतून मुलीला दातांचा दवाखाना काढून द्यायचा होता. "नुसते ठेवून काय होणार? जरा फिरवतो," म्हणाले, आणि सगळे दलालाकडे भरून, त्याच्या उधारीच्या जोरावर, एकाच चलनाचा भाव वाढेल म्हणून लावून मोकळे झाले.

भाव पडायला लागला आणि मी चढायला लागले. मालक खूश. माणसाला हवं तेवढंच दिसतं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

"बघ, रेघ कशी वर चाललीय," ते बायकोला म्हणाले. "जोर आहे. भाव आता फिरलाच समज."

त्या भाजी निवडत होत्या. "अहो, घाट उतरताना वेगाचा काटा चढतोच की. म्हणून काय गाडी वर जाते?"

"तुला यातलं काय कळतंय?"

मुलगी शेजारीच होती. दवाखान्यासाठी पाहिलेल्या गाळ्याचे फोटो चाळत होती. ती काही बोलली नाही.

मी पन्नासावर पोचले त्या दिवशी तोट्याने भरलेले पैसे जवळजवळ खाल्ले होते, म्हणून दलालाने सौदा परस्पर बंद केला. उरलं ते गाळ्याच्या अनामतीलाही पुरेना.

"लबाड आहे ही रेघ," मालक म्हणाले. मला वाईट वाटलं. पडझड जोरात आहे, हेच तर मी घसा फोडून सांगत होते.

"तिला कशाला बोल लावता, बाबा?" मुलगी हळूच म्हणाली. "मलाही दिसत होतं. तुम्हाला दुखवायचं नव्हतं, म्हणून गप्प बसले."

मालकांनी मला पडद्यावरून पुसून टाकलं. मुलगी आता दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी करते.

उद्या मी आणखी कुणाच्या पडद्यावर उगवेनच. तुमच्या उगवले, तर माझ्याकडे बघण्याआधी वर भावाकडे बघा. आणि शेजारी घरचं कुणी गप्प बसलं असेल, तर आधी त्याला बोलतं करा.