सिंधुच्या फ्रीजचा भोंगा

सासूनं सुनेला घराबाहेर काढल्याचं जळकोटनं पाहिलं होतं, सुनेनं सासूला काढल्याचंही पाहिलं होतं. पण सासू जागच्या जागी राहिली आणि तिचं औषध तेवढं घर सोडून गेलं, असं त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच घडलं. आणि घडलं ते सिंधुच्या घरात.

औषध म्हणजे इन्सुलिन. सिंधुची सासू नागम्मा, साऱ्या गल्लीची अव्वा, तिला साखरेचा आजार जुना. सकाळी जेवणाआधी एक सुई, संध्याकाळी जेवणाआधी एक. थोरला मुलगा विरूपाक्ष, म्हणजे सिंधुचा नवरा, आणि धाकटा सिद्धराम यांची वाटणी झाली तेव्हा अव्वानं कुणी विचारायच्या आतच सांगून टाकलं होतं, "म्या थोरलीकडं ऱ्हाणार." या एका वाक्यावर सिंधु बरीच वर्षं ताठ मानेनं जगली. धाकटी जाऊ रुद्राणी समोरच्याच दारात राहायला गेली. जावा जावा उभा दावा म्हणतात, पण इथं दावा एकटी सिंधुच मांडून बसली होती. रुद्राणीला त्याची खबरही नव्हती, आणि याचाच सिंधुला जास्त राग यायचा.

त्या उन्हाळ्यात अव्वाची साखर वाढली. उदगीरच्या डॉक्टरकडं रुद्राणी सोबत गेली, कारण सिंधुच्या घरी बैठक होती आणि चहाला माणूस हवं होतं. डॉक्टर म्हणाला, फ्रीज नीट गार राहत नसेल, औषध तापलं की त्याचा जोर जातो. झालं! रुद्राणीनं लातूरच्या भावाला सांगून फ्रीजमध्ये ठेवायचा एक चिमुकला अलार्म मागवला. आत गरम झालं की तो पिकपिक वाजे. अव्वाच्या बाटल्या उचलून तिनं आपल्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि तेव्हापासून अव्वा काठी टेकत सकाळ-संध्याकाळ गल्ली ओलांडून सुई घ्यायला जाऊ लागली. साऱ्या गल्लीदेखत.

सिंधु दारात उभी राहून तिच्या पाठीकडं बघायची. अंगाचा तिळपापड व्हायचा. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही रुद्राणी! लोक काय म्हणत असतील? थोरलीच्या घरी सासूचं औषधसुद्धा टिकत नाही, हेच म्हणत असतील.

खरं तर सिंधुच्या फ्रीजचा गावात लौकिक होता, पण तो वेगळ्याच कारणानं. लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी येत होतं आणि जळकोटला टँकरनं. टँकरचं पाणी असं कढत, की हंडा डोक्यावरून उतरवताना हात भाजावा. विरूपाक्ष नव्या जिल्ह्याच्या कृती समितीत होता. उदगीर जिल्हा झाला की जळकोटचं भलं होणार, यावर त्याच्या ओसरीत रोज दुपारी बैठक बसायची. जिल्हा काही होत नव्हता. पण आलेला प्रत्येक माणूस सिंधुच्या हातचं बर्फासारखं पाणी पिऊन तृप्त होऊन जायचा. "वैनी, पाणी प्यावं तर तुमच्या घरी," असं कुणी म्हटलं की तिला मूठभर मांस चढायचं. त्यासाठी टँकरच्या पाण्यानं भरलेले डबे नि बाटल्या ती तशाच गरम-गरम फ्रीजमध्ये कोंबायची आणि दार सारखं उघडझाप करायची. आणि त्याच गर्दीत, दाराच्या कप्प्यात, अव्वाचं औषध असायचं.

मे महिन्यात नांदेडला नात्यातलं लग्न निघालं. अक्षता पडल्या न पडल्या तोच सिंधु उठली, पंगतीला पाठ दाखवली आणि रिक्षा करून वजिराबादेत दवाखान्याचं सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन उभी राहिली. अशी भूक मारणारी गोष्ट जगात एकच असते, आणि ती प्रेम नव्हे.

"फ्रीजमधी ठेवायचा अलारम दाखवा," ती म्हणाली.

दुकानदार वयस्क आणि सबुरीचा माणूस होता. "फ्रीजमध्ये काय असतं तुमच्या?" त्यानं विचारलं.

"सासूचं इन्सुलिन."

त्यानं एक पांढरी डबी काढली. "मग हा घ्या. दोन डिग्रीच्या खाली गेलं तरी वाजतो, आठच्या वर गेलं तरी वाजतो. तुम्ही घरी नसताना आत किती गरम झालं होतं, किती गार, तेही लक्षात ठेवतो. सकाळी उठून आकडा बघायचा, बस."

"आवाज किती हाय?"

"घरात ऐकू जाईल इतका."

"समोरच्या घरी?"

दुकानदारानं चष्मा वर केला. "समोरच्या घरी कशाला पाहिजे बाई? फार तर हा दुसरा बघा, फोनवर निरोप पाठवतो."

"निरोप नको. आवाज पाहिजे."

शेवटी त्यानं नाइलाजानं वरच्या फळीवरून एक तांबड्या दिव्याचा ठोकळा काढला. आइस्क्रीमवाले आपल्या मोठ्या पेट्यांना लावतात तो. त्याला लांब वायर, वायरच्या टोकाला धातूचं बोंड, ते आत सोडायचं. कितीच्या वर गेलं की ओरडायचं ते एका चकतीनं लावता येत होतं. त्यानं बटण दाबलं आणि ठोकळा असा किंचाळला की रस्त्यावरचा स्कूटरवाला वळून बघायला लागला.

"हाच!" सिंधु म्हणाली.

"ऐका जरा. हा फक्त तापलं की ओरडतो. फार गार झालं तर गप्प बसतो. आणि इन्सुलिन गोठलं तरीही वायाच जातं."

"माझ्या फ्रीजमधी काही गोठत न्हाई," ती ठसक्यात म्हणाली. दुर्दैवानं ते खरं होतं.

परतीच्या एसटीत ठोकळा मांडीवर घेऊन ती बसली आणि मनातल्या मनात रुद्राणीचं तोंड उतरलेलं बघत राहिली. तिचा पिकपिक वाजणारा, आपला कसा गल्ली दणाणून सोडणारा! भोंगा काही बिघडलं तरच वाजतो, सगळं बरं चाललेलं असलं की त्याचा आवाजच येत नाही, एवढी साधी गोष्ट या शहाण्या बाईला जळकोट येईपर्यंत सुचली नाही. मत्सर माणसाचे डोळे फोडत नाही, नुसते भलतीकडं वळवतो.

घरी येताच तिनं ठोकळा फ्रीजवर मांडला. "अव्वा, आता आपल्याकडं बी हाय. तिच्याहून मोठा."

अव्वा फ्रीजसमोरच्या बाजेवर बसली होती. तिनं ठोकळ्याकडं बघितलं, मग सुनेच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. "बरं," ती म्हणाली. "आण जा माझ्या बाटल्या."

रुद्राणीनं बाटल्या निमूट दिल्या. वर म्हणाली, "अक्का, मधल्या कप्प्यात ठीव बरं का. दाराला नको." सिंधुच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण जिंकणाऱ्यानं भांडायचं नसतं, म्हणून ती नुसती हसली आणि बाटल्या मधल्या कप्प्यात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक बसली. सिंधुनं पाण्याचे डबे आत सारले, दोनदा दार उघडलं, आणि भोंगा बोंबलला. ओसरीतले जिल्हेवाले दचकून उठले. समोरून रुद्राणी कणकेच्या हातानं धावत आली.

"अक्का, हे कढत पाणी आत ठेवून राहिलीस न्हवं, त्यानं तापतंय ते. पाणी माठात घाल की."

"माझ्या दारी आलेल्याला काय द्यायचं ते तू शिकवू नगंस मला," सिंधु फणकारली.

रुद्राणी गेली. पण भोंगा कुठं जातोय? त्या दुपारी तो पुन्हा वाजला, चहाच्या वेळी पुन्हा. दर खेपेला रुद्राणी धावत यायची, दारातूनच काळजीनं बघायची. तिचं ते काळजीचं तोंड सिंधुला शिवीपेक्षा जास्त लागायचं. शेवटी पारावरचा गुंडप्पा मोठ्यानं म्हणाला, "सिंधुबाईच्या फ्रीजला ताप चढलाय रे, त्यालाच सुई द्या!" अख्खी गल्ली हसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सिंधु आत आली. बैठक उठली होती. बाजेवर अव्वा डोळे मिटून पडली होती. सिंधुनं मधल्या कप्प्यातली वायर ओढली आणि तिचं बोंड वर बर्फाच्या कप्प्यात खुपसून दार लावून टाकलं. भोंगा गप्प झाला. आता खाली कढई उकळली असती तरी तो बोलणार नव्हता.

त्यानंतरचे दिवस सिंधुचे होते. अव्वा सुईसाठी उंबरा ओलांडेना. समितीचे लोक गार पाणी पिऊन वाहवा करत. कुणी भोंग्याचं विचारलं की ती म्हणे, "आता बसलाय चांगला. आत सगळं ठीक हाय म्हणून तर वाजत न्हाई." पण गंमत बघा, पोटातलं दुखणं काही थांबलं नाही. समोर रुद्राणी दारात ज्वारी निवडत बसे, अव्वाला हाक मारून बरं-वाईट विचारी, आणि हरल्याची एक रेघ तिच्या कपाळावर नसे. हरलेलीच जर हरल्यासारखी दिसत नसेल, तर जिंकलेल्यानं काय करायचं?

अव्वाची तहान वाढत होती. उन्हाळाच तसा, असं घरानं धरलं. मग एका सकाळी न्हाणीकडं जाताना ती भिंतीला धरून खाली बसली, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. विरूपाक्षनं तिला उचलून बाजेवर आणलं. रुद्राणी धावत आली. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले डॉक्टर आले, बोट टोचून साखर बघितली आणि गंभीर झाले.

"सुई रोज दिली ना? मग औषधातच दम राहिलेला नाही. आत्ता माझ्याजवळची देतो. नवी बाटली आणा आणि ही कुठं ठेवली होती ते बघा."

विरूपाक्ष गर्रकन वळला, पण बायकोकडं नाही. "रुद्राणी, तुझ्याकडं व्हती न्हवं बाटली इतके दिस? तिथंच वाया गेली. आमच्याकडं तर हा एवढा भोंगा हाय, एकदाबी वाजला न्हाई हल्ली."

रुद्राणीचा चेहरा पांढरा पडला. "असंल दादा," ती म्हणाली. "एका दुपारी आमच्याकडची लाईट गेली व्हती. मला शेतातून यायला उशीर झाला. माझंच चुकलं असंल." आणि ती अव्वाचे पाय चोळत रडायला लागली.

सुंठीवाचून खोकला गेला होता. सिंधुला काही करावं लागणार नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. लपवायचं कशाला, क्षणभर तिला आनंदच झाला. इतक्या महिन्यांनी रुद्राणीचं तोंड उतरलेलं दिसलं, तेही चारचौघांत. पण ती बघत राहिली आणि बघता बघता तो आनंद तिच्या घशाखाली उतरेना. रुद्राणी न केलेल्या गुन्ह्यासाठी रडत होती आणि हात मात्र अव्वाच्या पायावरून काढत नव्हती. आपण इतका वेळ अव्वाला हातसुद्धा लावला नाही, हे सिंधुच्या ध्यानात आलं.

ती उठली. फ्रीज उघडला. बर्फात चिकटून बसलेली वायर तिनं हिसडा देऊन सोडवली आणि बाटलीशेजारी, मधल्या कप्प्यात ठेवली. आत सकाळीच भरलेले डबे अजून गरम होते. थोडा वेळ काहीच झालं नाही. विरूपाक्ष म्हणाला, "हे काय करून राहिलीस?" आणि मग भोंगा सुटला. डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले. गल्ली दारात जमली. सिंधुनं तो बंद केला नाही.

"म्याच त्याला बर्फात घातलं व्हतं," ती ओरडून म्हणाली, कारण ओरडल्याशिवाय ऐकूच आलं नसतं. "गप बसावं म्हणून. रुद्राणीचं काई चुकलं न्हाई. बाटली हितंच नासली."

रुद्राणीनंच उठून भोंग्याचं बटण दाबलं. घरात शांतता झाली. विरूपाक्ष बायकोकडं अशा नजरेनं बघत होता की तिनं मान खाली घातली.

"तिला बोलू नगंस," बाजेवरून अव्वाचा बारीक आवाज आला. "मला ठावं व्हतं. बर्फात वायर घालताना बघितलं म्या."

"मग बोलला का न्हाईत, अव्वा?" सिंधुला रडू फुटलं. "जीव गेला असता की तुमचा!"

अव्वानं ओठांवरून जीभ फिरवली. "एवढं व्हईल असं कुठं वाटलं गं. सुईला म्या तिकडं जायची, तवा तू दारात हुबी राहून बघायचीस. म्या घर सोडून चालले असं वाटायचं तुला. म्हटलं, चार दिस पोरीचं मन निवू दे."

सिंधु बाजेच्या कडेला बसली आणि तिनं अव्वाच्या पायांवर डोकं टेकलं. जे मिळावं म्हणून तिनं नांदेड गाठलं, पंगत सोडली, गल्ली दणाणून टाकली, ते तिला कधीचंच मिळालेलं होतं, आणि ते देताना म्हातारीनं आपला जीव पणाला लावला होता.

संध्याकाळच्या सुईची वेळ झाली तरी अव्वाला उठवेना. नवी बाटली रुद्राणीच्या फ्रीजमध्ये होती. पारावर माणसं बसली होती, गुंडप्पाही होता. सिंधुनं डोक्यावर पदर घेतला आणि सगळ्यांच्या समोरून गल्ली ओलांडली. रुद्राणीनं फ्रीज उघडला तेव्हा आतला कप्पा न् कप्पा किती नीटस आहे ते सिंधुला दिसलंच, आणि तेवढ्यातही तिच्या पोटात बारीक दुखलं. हाताची ऊब लागू नये म्हणून तिनं पदराचं टोक पाण्यात भिजवून पिळलं, बाटली त्यात गुंडाळली आणि झपझप घराकडं निघाली.