तड्यावरची काच

गुरुवारी सकाळी नऊ वाजता चर्चच्या मनोऱ्यातली काचपट्टी तुटलेली सापडली. भिंतीच्या तड्यावर ती मुद्दाम चिकटवलेली होती. भिंत सरकली की काच तुटणार आणि चर्च बंद होणार. शनिवारी तिथेच विनिफ्रेडच्या मुलीचं लग्न होतं, आणि चर्चची देखभालही विनिफ्रेडकडेच होती.

तुकडे तड्याखालच्या थडग्यावर, तिथे कोरलेल्या दगडी सरदाराच्या आणि त्याच्या बायकोच्या अंगावर पडले होते. विनिफ्रेडने ते वेचले. साफसफाईला आलेल्या म्हाताऱ्या मॉडला तिने विचारलं, "काल काच पुसलीस?"

"पुसणार नाही तर काय? सरदाराचं नाक पुसते, तशी तीही पुसते."

"तुटल्याचा आवाज आला?"

"मला नवऱ्याची हाक ऐकू येत नाही, विनी. सुखात आहे."

विनिफ्रेडला हसू आलं नाही. फडक्याने तुटली असेल तर लग्न निर्धास्त होणार होतं.

घंटा वाजवणाऱ्यांचा म्होरक्या हेडली म्हणाला, "नवी काच लाव. संध्याकाळी सरावाला आठही घंटा वाजवतो. घंटांनी मनोरा डोलतोच. काच टिकली, तर दोष मॉडचा."

विनिफ्रेडने तड्यावर नवी काच चिकटवली आणि मॉडने थडगं पुन्हा लख्ख पुसलं. संध्याकाळी घंटा वाजू लागल्या, तेव्हा विनिफ्रेड भिंतीला तळवा टेकून काचेकडे बघत उभी राहिली. तळव्याखाली भिंत थरथरत होती.

घंटा थांबल्या. हेडलीने वरून विचारलं, "काय झालं?"

काच शाबूत होती. सरदाराच्या पुसलेल्या छातीवर मात्र तड्यातून झडलेली चुन्याची ताजी भुकटी पडली होती.