सात शब्दांचा सारांश

जाहिरातींविरुद्ध आलेल्या तक्रारींचा सारांश लिहिणं हे माझं काम. नियम साधा: जास्तीत जास्त पंचवीस शब्द, तक्रारदाराचं नाव नाही, घरगुती तपशील शक्यतो नाहीत. समितीचे सात सभासद तो सारांश वाचतात, जाहिरात एकदा बघतात आणि निकाल देतात. मूळ पत्र फाइलीत पडून राहतं, मागितलं तरच निघतं. माझी कात्री झकास चालते असं अध्यक्षबाई चारचौघांत म्हणायच्या. मी वरवर "छे, छे" म्हणायचे आणि आतून फुगायचे.

एका बैठकीला डिंकाची एक जाहिरात होती. विसराळू म्हातारा सारखा घराबाहेर पडतो म्हणून सून त्याच्या खुर्चीला डिंक लावते. म्हातारा उठायला जातो तो खुर्चीसकट उठतो आणि सगळं घर खो खो हसतं. या जाहिरातीविरुद्ध एकच पत्र आलं होतं, पण चांगलं तीन पानी, पाठपोट.

एका बाईनं लिहिलं होतं. वडिलांना विस्मरणाचा आजार, घरात दोघंच. एकदा ते भर रस्त्यात गाड्यांच्या मधोमध सापडले. तेव्हापासून ती दुकानात जाऊन येईपर्यंत त्यांचा हात चादरीच्या मऊ पट्टीनं खुर्चीला बांधते. 'दर वेळी मी त्यांची माफी मागते. ही जाहिरात लागली की ते हसत नाहीत. आपल्या मनगटाकडे बघतात, मग माझ्याकडे. ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही, त्यांना तुम्ही ही गंमत आहे असं का शिकवता?'

मी अक्षर न् अक्षर वाचलं. मग घड्याळाकडे बघितलं. अजून अकरा पत्रं बाकी होती. मी लिहिलं, 'ज्येष्ठांची थट्टा केली आहे. तक्रारदाराला विनोद खटकला.' सात शब्द. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला त्या आकड्याचं कौतुक वाटलं होतं.

"हल्ली लोकांना काहीही खटकतं," बैठकीत एक सभासद म्हणाले. "आमचे सासरे तर ही लागली की पोट धरून हसतात!" हशा पिकला. मीही हसले. दोन मिनिटांत तक्रार फेटाळली गेली आणि निकालाचं पत्र, वर माझा सारांश छापून, त्या बाईकडे रवाना झालं.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज अगदी नम्र.

"मॅडम, तुमच्याकडून पत्रांची अदलाबदल झाली वाटतं. जाहिरात तीच आहे, पण ही तक्रार दुसऱ्याच कुणाची तरी दिसते. माझी अजून चालू असेल ना?"

'हो' म्हणून सुटता आलं असतं. तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"ती तुमचीच आहे," मी म्हणाले. "सारांश मी लिहिला."

आणि लगेच घाईघाईनं बोलत सुटले. "फेरविचार मागता येतो. चूक माझी आहे असं मी लेखी देते. तुमचं पत्रच समितीपुढे ठेवते, स्वतः वाचून दाखवते."

"तुम्ही ते पूर्ण वाचलं होतंत?"

"हो."

"असं होय. मला वाटलं, वाचायचं राहून गेलं असेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"कुणाला वाचून दाखवू नका," ती म्हणाली. "पत्र तेवढं परत पाठवा. मी त्यांना बांधते, हे माझ्या सख्ख्या भावालाही माहीत नाही. फक्त तुम्हाला सांगितलं होतं."