पेटीची खरखर

आमच्या ह्यांच्या ग्रामोफोन मंडळात कुणीही खरं बोलत नाही, हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर जिवाला एवढा घोर लागला नसता.

मंडळ म्हणजे पाच-सहा उतारवयातली माणसं. महिन्यातून एका रविवारी नाशिकरोडला आमच्या घरी जमायचं, आपापलं चावीचं यंत्र आणायचं, एकच तबकडी प्रत्येकावर लावायची आणि कुणाचं कसं वाजतं ते ऐकायचं. चहा अर्थातच मी करायचा. मला विचाराल तर सगळीच यंत्रं खरखरतात. पण ह्यांचा आपल्या पेटीवर फार जीव. बाकीच्यांकडे मोठा कर्णा बाहेर काढलेली यंत्रं, ह्यांची मात्र झाकणाची पेटी. तिचा कर्णा आतच असतो. आवाज लहान, पण गाणारी बाई श्वास कुठे घेते तेसुद्धा कळतं, असं हे येईल त्याला सांगायचे.

आणि एक दिवस हे म्हणाले, "सविता, पेटी कुणाला तरी देऊन टाकू."

मी हातातली भाजी खाली ठेवली. "का? काय झालं?"

"काही नाही. जागा अडते."

जागा अडते म्हणे! ह्याच पेटीपायी माझं शिलाई मशीन बाल्कनीत गेलं, तेव्हा जागा अडली नव्हती. मी पिच्छाच पुरवला, तेव्हा कुठे बोलले. "मला ती खरखरलेली ऐकू येते गं. सगळे म्हणतात, झकास. कर्ण्याचं यंत्र मला ठीक ऐकू येतं, पण तो आवाज काय, बहिऱ्यालाही येईल. पेटीतला बारीक आवाज मला येईनासा झालाय. बाबांचंही असंच सुरू झालं होतं."

सासरे शेवटची वर्षं भरल्या घरात एकटे होते. लोक हसले की तेही हसायचे, थोडं उशिरा. कशाला हसलो ते त्यांना ठाऊक नसायचं.

"अहो, पेटी खरखरतेच आहे," मी म्हटलं.

"तुला सगळंच खरखरतं," हे म्हणाले. खरंच होतं ते. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर नको. डॉक्टरांनी सांगितलं की ते पक्कंच होतं, म्हणे.

मंडळाच्या पुढच्या रविवारी पाऊस होता, म्हणून एकटे धोंडीराम आले. येवल्याकडचे कांदेवाले, गडी मोकळा. यंत्र घोंगडीत गुंडाळून एसटीने घेऊन आले. "जय भीम दादा, जय भीम वैनी," म्हणत त्यांनी कर्णा जोडला. आधी त्यांच्या यंत्रावर एक भैरवी वाजली. मग तीच भैरवी ह्यांनी पेटीवर लावली. नवी सुई, भरपूर चावी. तबकडी फिरू लागली आणि ह्यांनी मान खाली घातली. मी दारात उभी राहून ह्यांचाच चेहरा बघत होते.

गाणं संपलं. "लय भारी, दादा!" धोंडीराम म्हणाले. "तुमच्या पेटीला तोड नाय."

ह्यांनी झाकण लावून घेतलं, कायमचं लावावं तसं. ते लावण्याची रीत बघून माझं डोकंच फिरलं.

"धोंडीराम भाऊ, खरं सांगा. ती खरखरली का नाही?"

"वैनी..." ते ह्यांच्याकडे बघायला लागले. "आता कसं बोलू? नियम हाय आमचा."

"कसला नियम?"

"दुसऱ्याच्या यंत्राला नाव ठेवायचं नाय. मागं एकानं दुसऱ्याच्या यंत्राला पत्र्याचा डबा म्हटलं, तर दोघांचं बोलणं बंद झालं. तवापासनं."

"चुलीत घाला तुमचा नियम! हे माणूस स्वतःला बहिरं समजून बसलंय."

धोंडीराम चरकले. मग एका दमात म्हणाले, "दादा, लय घाण वाजती तुमची पेटी. दिवाळीपासनं वाजती. डब्यात माशी कोंडल्यावानी. सुई बसती त्या साउंडबॉक्समधलं रबर कडक झालं आसंल, माझं बी झालं होतं. सगळ्यांना ऐकू येतं, पण बोलायचं कुणी?"

"पण नियम नाव न ठेवण्याचा आहे," हे हळूच म्हणाले. "झकास म्हणायचा नाही. मला नाही आवडलं तर मी गप्प बसतो. मला वाटलं, सगळे तसंच करतात."

"गप बसलं तर समोरच्याला कळतंय ना, दादा!"

हे खुर्चीत बसले. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. मलाही रडू फुटलं, लाज कसली? इतक्या दिवसांनी छाती भरून श्वास घेतला मी. धोंडीराम बिचारे, रबर घरी आहे, पुढच्या खेपेला घेऊन येतो, असं दोनदा सांगत राहिले.

ह्यांचं लक्ष कुठे होतं! त्यांनी झाकण उघडलं, पुन्हा चावी भरली आणि तीच भैरवी लावली. पेटी किरकिरायला लागली. हे कान तिच्याजवळ नेऊन, लहान पोरासारखे खुलून ऐकत होते.

"ऐक सविता, ऐक," हे म्हणाले, "किती घाण वाजतेय!"